मुंबईच्या उकाड्यात डेव्हलपर टिकवताना: घरच्या मोरीतल्या नोंदी

२ मार्च २०२४

गेल्या वर्षी एका लॅबमध्ये धुवायला दिलेले दोन रोल लांबच्या लांब ओरखडे घेऊन परत आले. त्यातल्या एकावर आजीचे शेवटचे फोटो होते. तेव्हाच ठरवलं की यापुढे कृष्णधवल रोल घरीच धुवायचे. टाकी, रीळ आणि चेंजिंग बॅग (उजेड न लागता फिल्म टाकीत भरायची काळी पिशवी) एका मैत्रिणीने दिली. जागा म्हणजे गिरगावातल्या चाळीत सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक मोरी, वर पत्रा आणि सकाळी दोन तास येणारं पाणी. फिल्म इलफर्डची एचपी५ प्लस, कधीतरी फोमापॅन १००. महिन्याला दोन रोल होतात, सणासुदीला तीन-चार.

डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, याचं तयार पाकीट आणायचं की पावडरी आणून स्वतः करायचं, यावर आठवडा गेला. बाहेरून आलेली पाकिटं महाग, आणि ती आधी कुठल्या गोदामात किती महिने तापली हे कळत नाही. म्हणून डी-७६ घरीच करायचं ठरवलं. १९२७ पासून चालत आलेलं कोडॅकचं हे सूत्र छापील मिळतं. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार.

खरेदी प्रिन्सेस स्ट्रीटवर, चालत जाऊन. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन प्रत्येकी १०० ग्रॅम, सल्फाइट एक किलो, आणि उमटलेलं चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरसाठी हायपो दोन किलो. टाकणखार काष्ठौषधीच्या दुकानातून. सगळे मिळून २,१०० रुपये. शिवाय ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा ४५० रुपयांना. या काट्यावर पैसे वाचवू नका. स्वयंपाकघरातला काटा २ ग्रॅमला कधी १ दाखवतो, कधी ३.

३ मार्च

पाणी उकळून ५० अंशांपर्यंत निवू दिलं. उकळल्याने पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते, आणि डेव्हलपरचा खरा शत्रू हवाच. मग क्रमाने सगळं घातलं. मेटॉल सल्फाइटच्या आधी घालावं लागतं, कारण सल्फाइटच्या दाट पाण्यात ते नीट विरघळत नाही. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेलं सल्फाइट, मग हायड्रोक्विनोन, शेवटी टाकणखार. सगळं स्वच्छ विरघळलं. किंचित गुलाबीसर झाक आली होती, तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही. बाटलीत भरून झोपले.

४ मार्च

सकाळी बाटलीत कोरा चहा. खरोखर तोच रंग.

सासरे गिरगावातल्याच एका छापखान्यात प्रोसेस खात्यात होते, लिथ फिल्म (छपाईच्या प्लेटसाठी लागते ती) धुण्यात त्यांची तीस वर्षं गेली. बाटली उजेडात धरून त्यांनी एकच विचारलं, "अगं, सल्फाइट घातलंस ना?"

"घातलं ना बाबा, १०० ग्रॅम मोजून."

"पुडी आण बघू."

पुडीवरच्या चिठ्ठीवर पेनाने नुसतं 'सोडि. सल्फ.' लिहिलेलं. बाबांनी चमचाभर पावडर बशीत घेतली, तिच्यावर व्हिनेगर ओतलं आणि मला वास घ्यायला लावला. व्हिनेगरचाच वास आला. म्हणाले, सल्फाइट असतं तर काडेपेटीची काडी ओढल्यावर नाकात जातो तसा झणका आला असता. दुकानातून मला सल्फेट मिळालं होतं.

सल्फाइट हवेतला ऑक्सिजन स्वतःवर घेऊन डेव्हलपरला वाचवतं. ते नव्हतंच, म्हणून मेटॉल आणि हायड्रोक्विनोन एका रात्रीत करपले. पुडी फोडलेली असल्यामुळे बदलून मिळाली नाही. दुसऱ्या दुकानातून सल्फाइट आणलं, ३४० रुपये, आणि या वेळी छापील लेबल असलेला, कारखान्यात बंद केलेला डबा घेतला. लेबलवर 'निर्जल' लिहिलंय ना, तेही पाहिलं. स्फटिकी सल्फाइट असेल तर त्यात निम्मं पाणीच असतं, म्हणजे दुप्पट तोलावं लागतं. धुण्याच्या सोड्याचंही तसंच, तो स्फटिकी असेल तर निर्जलच्या २.७ पट.

व्हिनेगरची ही चाचणी आता प्रत्येक नव्या डब्याला करते. दोन मिनिटं लागतात.

९ मार्च

पुन्हा डी-७६, या वेळी नीट. रात्रभर ठेवलं, सकाळी पाण्यासारखं स्वच्छ.

पहिला रोल एचपी५, आयएसओ ४०० या संवेदनशीलतेवर काढलेला. डेव्हलपर आणि पाणी समसमान. २० अंशांना इलफर्डच्या तक्त्यात ११ मिनिटं दिली आहेत. पिंपातलं पाणी २७ अंश होतं, बर्फाने २४ वर आणलं आणि ८ मिनिटं धरली. डेव्हलपरचं काम थांबवायला एक भाग व्हिनेगर, दोन भाग पाणी. निगेटिव्ह छान आल्या. बाबांनी खिडकीशी धरून बघितल्या आणि सावलीत तपशील आहे म्हणाले. माझ्या दृष्टीने आजचा दिवस कारणी लागला.

रबरी हातमोजे घालत जा. मेटॉलने बोटांच्या बेचक्यात खाज सुटते. मी दोन दिवस मोजे न घालता काम केलं आणि आता मलम लावते आहे.

११ एप्रिल

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेचा रोल. ढोल-ताशा, नऊवारीतल्या बुलेटवाल्या बायका, सगळं या एका रोलवर. परवा रात्री धुतला, ९ मार्चच्याच बाटलीतून. ती एव्हाना निम्म्यावर आली होती आणि महिनाभर माळ्यावर होती. वेळ, तापमान, हलवणं सगळं पहिल्यासारखं.

निगेटिव्ह काळ्याकुट्ट. गुढ्यांची रेशमी वस्त्रं आणि चेहऱ्यांवरचं ऊन एकजीव झालंय, स्कॅन केलं तरी तिथे पांढऱ्या ठिगळांखेरीज काही येत नाही. डेव्हलपर मेलं असतं तर निगेटिव्ह फिक्या यायला हव्या होत्या, इथे उलटंच झालं. दोन संध्याकाळी यात गेल्या.

कारण असं. हवा लागून हायड्रोक्विनोन खपतं, तेव्हा सल्फाइटशी होणाऱ्या क्रियेत अल्कली तयार होते. पाणी जास्त क्षारयुक्त होतं आणि डेव्हलपर पहिल्यापेक्षा जहाल होतं. २ ग्रॅम टाकणखाराला ही वाढ रोखता येत नाही. बाटली अर्धी रिकामी असेल, उष्णता असेल, तर हे लवकर होतं. पुढे आणखी काही आठवड्यांनी ते सगळंच मरतं. म्हणजे तीच बाटली आधी जास्त धुते आणि नंतर धुतच नाही, आणि मधल्या कुठल्या दिवशी ती नेमकी कुठे आहे हे दिसून कळत नाही. रंग जवळजवळ स्वच्छच होता.

कोडॅकच्या कागदावर डी-७६ ला तोंडापर्यंत भरलेल्या बंद बाटलीत ६ महिने आणि अर्ध्या बाटलीत २ महिने दिले आहेत. आमच्या माळ्यावर थर्मामीटर ठेवला तर दुपारी ३७ अंश दाखवतो. तिथे दोन महिने कुठले मिळायला?

फोटोतला दाणा किती बारीक, कडांची धार किती तीक्ष्ण, असं वाचत मी महिना घालवला होता. आधी विचारायला हवं होतं ते हे, की माझ्या दोन रोलांच्या वेगाने बाटली संपायला किती दिवस लागतात आणि तेवढे दिवस ती ३० अंशांत तग धरते का.

१४ एप्रिल

दोन बदल केले.

पहिला सूत्रात. टाकणखार २ ऐवजी ८ ग्रॅम आणि सोबत बोरिक अ‍ॅसिड ८ ग्रॅम. डी-७६डी या नावाने हे सूत्र पूर्वीपासून आहे. या जोडीमुळे क्षारपणा जागच्या जागी राहतो. बोरिक पावडर आमच्याकडे कॅरमच्या डब्यात होतीच, पण बाबांनी ती घेऊ दिली नाही. तिच्यात घसरण वाढवायला आणखी काही मिसळलेलं असू शकतं. औषधाच्या दुकानातून शुद्ध बोरिक पावडर आणली, ६० रुपये.

दुसरा बदल बाटल्यांचा. एक लिटरची एक बाटली ठेवण्याऐवजी २०० मिलीच्या पाच. गडद तपकिरी काचेच्या, टॉनिकच्या, चाळीतल्या सगळ्या घरांत मागून गोळा केलेल्या. तोंडापर्यंत भरायची, झाकण दाबायचं. रोल आला की एक बाटली उघडायची, तेवढंच पाणी घालायचं, ४०० मिली टाकीत आणि काम झालं की ओतून द्यायचं. एक बाटली, एक रोल. टाकीला ३०० मिलीच लागतं, पण जास्त असलेलं बरं.

झाकणाच्या आतली चकती बघून घ्या. पुठ्ठ्याची असेल तर ती फुगते आणि हवा आत जाते. प्लास्टिकची हवी.

उरलेल्या डेव्हलपरवर एक प्रयोगही लावून ठेवला. एकाच दिवशी केलेलं द्रव चार तऱ्हेने ठेवलं: पांढऱ्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत अर्धं, सोडावॉटरच्या पातळ बाटलीत दाबून हवा काढलेलं, काचेच्या बाटलीत काठोकाठ, आणि काचेच्याच अर्ध्या बाटलीत धुतलेल्या गोट्या टाकून पातळी वर आणलेलं. चारही खाटेखाली. ऑगस्टमध्ये उघडेन.

१२ मे

माळा बंद. थर्मामीटर घेऊन घरभर फिरले. दुपारी तीन वाजता माळ्यावर ३७, खिडकीशी ३४, खाटेखाली फरशीवर ३१, मोरीच्या कट्ट्याखाली ३०. सगळ्या बाटल्या मोरीच्या कट्ट्याखाली गेल्या, ओल लागू नये म्हणून झाकणाच्या डब्यात.

त्याआधी एक चूक केली ती लिहिते. एक बाटली फ्रिजमध्ये ठेवली होती. दुसऱ्या दिवशी तळाला सुयांसारखे खडे. कोमट पाण्यात उभी ठेवून विरघळवले, पण सगळे विरघळले की नाही हे गडद काचेतून कळत नाही आणि खडे तळाशी राहिले तर वरचं द्रव कमजोर. त्याहून वाईट म्हणजे बाजूलाच कोकम सरबताची बाटली होती, आकार सारखा, आणि पुतणी सहा वर्षांची. त्याच संध्याकाळी बाहेर काढली. खाण्याच्या फ्रिजमध्ये हे ठेवू नका, लेबल लावूनही नको.

आता धुण्याचं. पिंपातलं पाणी ३२ अंश. माठातलं २८.५. नागपूरकडे माठ याहून पुष्कळ गार होतो, पण मुंबईच्या दमट हवेत पाणी पाझरूनही वाळत नाही. तरी ते साडेतीन अंश बर्फ वाचवतात. टबात माठाचं पाणी आणि त्यात एक लिटरची गोठवलेली बाटली, की दहा मिनिटांत २४ मिळतात. त्याच टबात फिक्सर आणि शेवटच्या धुण्याचं पाणीही उभं ठेवायचं. मी पहिल्या वेळी फक्त डेव्हलपर गार केलं, बाकी ३२ वरच. फिल्म इतकी मऊ झाली की क्लिप लावताना नख लागून तीन फ्रेम सोलल्या.

२० अंशांपर्यंत खाली जायचा हट्ट सोडला आहे. मात्र वेळ ५ मिनिटांच्या खाली येऊ देत नाही, कारण मग फोटोतल्या आकाशात पट्टे येतात. पाणी न घालता डी-७६ वापरलं तर एचपी५ ला २० अंशांवर साडेसात मिनिटं, म्हणजे ३० वर साडेतीनही उरत नाहीत. पाणी घालून पातळ केलेलं आपल्या हवेला त्या कारणानेही सोयीचं.

मार्चमधलं ते चुकून आलेलं सल्फेट आठवलं. उष्ण प्रदेशासाठीच्या जुन्या सूत्रांत सल्फेट मुद्दाम घालत. त्याने जिलेटिन कमी फुगतं आणि डेव्हलपर मंदावतं. लिटरला १०० ग्रॅम घालून फोमापॅनचा एक चाचणीचा रोल २८ अंशांवर धुतला. फिल्म टणक राहिली, पण वेळ बसवायला आणखी तीन रोल खर्ची पडले असते. सोडून दिलं. वीज गेली आणि बर्फ नसला तर कामी येईल म्हणून पुडी ठेवली आहे.

८ जून

१० टक्के पाणीकपात सुरू झाली आहे. फिक्सरनंतर फिल्म आता पाण्याने इलफर्डच्या पद्धतीने धुते: टाकी भरून पाच वेळा उलटायची, ओतायची, पुन्हा भरून दहा वेळा, पुन्हा भरून वीस वेळा. दीड लिटरही लागत नाही.

आज दुसरा डेव्हलपर केला. कधी महिनाभर एकही रोल होत नाही, अशा वेळी वर्षभर टिकणारं काहीतरी हवं. रॉडिनल हे आग्फाचं १८९१ पासूनचं औषध त्यासाठीच नावाजलेलं. व्हिटॅमिन सी वर चालणारं एक्सटॉलही मनात होतं, पण ते पाच लिटरचं पाकीट आणि खराब होताना रंग बदलत नाही, एक दिवस न सांगता मरतं. माझ्यासाठी नाही.

रॉडिनलसारखं घरी करता येतं, पॅरासिटामॉलपासून. ५०० मिलिग्रॅमच्या ३० गोळ्या, म्हणजे १५ ग्रॅम. ६५० च्या असतील तर २३. साध्याच गोळ्या घ्यायच्या, सर्दीच्या किंवा कॅफीन घातलेल्या नकोत. सल्फाइट ५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा २० ग्रॅम, सगळं मिळून २५० मिली. कॉस्टिक सोडा गोळीतला पॅरासिटामॉल फोडून त्यातून पॅरा-अ‍ॅमिनोफिनॉल मोकळं करतो, आणि रॉडिनलमध्ये तेच असतं.

गोळ्या खलबत्त्यात कुटल्या (हा खलबत्ता आता यालाच, स्वयंपाकाला नाही). १५० मिली गार पाण्यात त्या घातल्या, मग सल्फाइट, मग कॉस्टिक सोडा एकेक चमचा. बरणी हाताला चटका बसेल इतकी तापली, म्हणून ती थंड पाण्याच्या पातेल्यात उभी होती. सोडा पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. चष्मा आणि मोजे हवेतच. मोरीचं दार बंद, पुतणी शेजारच्या काकूंकडे.

गोळ्या बांधायचा पिठूळपणा तळाला बसतो. ७२ तास ठेवायचं. खर्च: गोळ्या ३२ रुपये, बाकी घरात होतं.

११ जून

बरणीतलं द्रव विटकरी झालं आहे. गाळ न ढवळता वरचं ओतून घेतलं, कापसातून गाळलं. कापूस तुंबला आणि गाळायला दोन तास लागले. पुढच्या वेळी नुसतं ओतून घेईन, खालचे १५ मिली गेले तर जाऊ देत.

१ भाग ५० भाग पाणी, २४ अंश, ८ मिनिटं. फोमापॅनवर सुरेख, मरीन ड्राइव्हच्या कठड्याची धार कोरल्यासारखी. एचपी५ वर आकाशात रवा सांडल्यासारखा दाणा. तर हे फोमापॅनसाठी.

१६ जुलै

पावसाळ्याने पावडरींवर हल्ला केला आहे. एवढे दिवस मी फक्त द्रवाची काळजी करत होते.

कॉस्टिक सोड्याचा डबा फोन घ्यायला गेले तेवढा उघडा राहिला. पाच मिनिटांत वरचे खवले ओले, चमकदार, एकमेकांना चिकटलेले. आता तोललं तर त्यात पाणी किती आणि सोडा किती? तो डबा बाद. सल्फाइटच्या डब्यात वर पातळ थर खडखडीत झाला आहे. व्हिनेगर टाकून बघितलं, वास मंद आला. दमट हवेत सल्फाइटचं हळूहळू सल्फेट होतं, म्हणजे मार्चमध्ये दुकानातून आलेली चूक आता माझ्याच डब्यात तयार होते आहे. वरचं दोन बोटं काढून टाकलं, खालच्या भागाला झणका तसाच आहे.

मे अखेरीस एक-एक बॅचच्या पावडरी तोलून झिपच्या पिशव्यांत भरून ठेवल्या होत्या, सगळं एकाच पिशवीत. सहापैकी चार पिशव्यांत गोळे झाले आणि मेटॉलचे करडे डाग पडले. मेटॉल ८ ग्रॅम आणि अख्खी दुपार वाया.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. म्हणाले, "आमच्या लिथच्या डेव्हलपरचे ए आणि बी असे दोन कॅन यायचे. एकत्र केले की काही तासांत संपायचे, म्हणून पाळी सुरू झाल्यावरच एकत्र करायचो. तू ते आधीपासून का मिसळून ठेवतेस?"

त्यांचं बरोबर होतं. आता एका पिशवीत फक्त मेटॉल, दुसरीत फक्त सल्फाइट. पिशवीची कड मेणबत्तीवर धरून बंद करायची, आमच्याकडे पापडाची पाकिटं करायचो तशी. ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि सगळ्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. पुड्या दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर कोरड्या करते. तोलायचं काम पाऊस थांबलेल्या दुपारी, पंखा बंद ठेवून. पंख्याच्या वाऱ्याने काटा ठरत नाही आणि मेटॉल उडून नाकात जातं.

आणि सूत्रही बदललं. डी-२३: मेटॉल ७.५ ग्रॅम, सल्फाइट १०० ग्रॅम, बस. हायड्रोक्विनोन नाही, म्हणून तो क्षारपणा वाढण्याचा त्रास नाही. दोनच पिशव्या. अर्ध्या लिटरला ३.७५ आणि ५० ग्रॅम. वीस मिनिटांत तयार होतं, म्हणजे रोल हातात आल्यावरच करता येतं आणि टिकवायचा प्रश्न पुष्कळ कमी होतो. मेटॉल जास्त लागतं आणि तेच सगळ्यात महाग, पण फुकट गेलेल्या एका रोलच्या किमतीत चार बॅच होतात.

१८ ऑगस्ट

एप्रिलमधल्या चार बाटल्या उघडल्या. प्रत्येकीत फिल्मच्या उजेड लागलेल्या शेपटीचा तुकडा, २६ अंश, ७ मिनिटं, खोलीतल्या उजेडातच. चांगलं डेव्हलपर असेल तर तुकडा आरपार दिसणार नाही इतका काळा व्हायला हवा.

पांढऱ्या प्लास्टिकची अर्धी बाटली: द्रव गडद तपकिरी, तुकडा पाच मिनिटांनी राखाडी झाला आणि तिथेच थांबला. बाटलीचं झाकण घट्ट होतं. अर्धी बाटली हवा आणि त्यात हे प्लास्टिक हवा आत येऊ देतं.

सोडावॉटरची दाबलेली बाटली: फिकट पिवळं, तुकडा काळा, पण बल्बसमोर धरला तर बल्बचा ठिपका दिसतो. दाबलेली बाटली पंधरवड्यात पुन्हा थोडी फुगली होती, झाकणातून हवा गेली असणार.

काचेची काठोकाठ भरलेली: पाण्यासारखं द्रव, तुकडा दोन मिनिटांत काळा होऊ लागला, सातव्या मिनिटाला ठार काळा. चार महिने, तेही मे महिन्यातून.

गोट्यांची: जवळजवळ तशीच. पण ओतताना गोट्या तोंडाशी अडकून द्रव उडालं, आणि त्या धुवायला अर्धा तास. पुन्हा करणार नाही.

शेपटीची ही चाचणी आता प्रत्येक रोलच्या आधी. रोल टाकीत भरताना कापलेली शेपटी फेकू नका, डबीत साठवा. मात्र तिने मेलेलं डेव्हलपर पकडता येतं, जहाल झालेलं नाही. शोभायात्रेचा रोल तिने वाचला नसता.

१९ सप्टेंबर

परवा अनंत चतुर्दशीला रात्रभर गिरगाव चौपाटीवर होते. तीन रोल, एचपी५, सगळे ८०० धरून. एवढ्या घामाने चेंजिंग बॅगेत फिल्म रिळाला चिकटली. बाहेर येऊन हात पुसून, बाह्यांच्या आत टाल्कम न लावता नुसता कोरडा टॉवेल घेऊन पुन्हा आत गेले. एका रोलला चाळीस मिनिटं.

डी-२३ ताजं, पाणी न घालता, २४ अंश, ९ मिनिटं. शेपटी आधी बघितली. अर्ध्या लिटरात एक रोल धुतला, दुसऱ्याला दहा टक्के वेळ वाढवला, तिसऱ्याला नवी पिशवी फोडली. मूर्तीमागच्या दिव्यांची नुसती पांढरी ठिगळं झालेली नाहीत आणि खांद्यावर मूर्ती घेतलेल्या माणसांच्या मानेवरच्या शिरा दिसतात. मूर्ती पाण्यात टेकते त्या फ्रेममध्ये लाटेवरचा फेस आणि गुलालाने माखलेले हात वेगवेगळे ओळखू येतात. मला हेच हवं होतं, मार्चपासून.

तीन रोलांचा डेव्हलपरचा खर्च १८० रुपयांच्या आत. वापरलेला फिक्सर वेगळ्या कॅनमध्ये, त्यात चांदी असते, मोरीत ओतत नाही.

१ डिसेंबर

मधले दोन महिने एकच रोल झाला. आज जूनमधल्या गोळ्यांच्या डेव्हलपरची शेवटची मोठी बाटली उघडली. रंग आता काळपट लाल, आमसुलाच्या पाण्यासारखा, तळाला थोडे खडे. सहा महिने ३० अंशांच्या आसपास. १ ला ५० करून शेपटी टाकली: काळी. रंगावरून मी हे ओतून दिलं असतं. या डेव्हलपरचा रंग बघायचाच नाही, शेपटी बघायची.

पिंपातलं पाणी आज २४ अंश आहे, बर्फ लागला नाही. फोमापॅन धुतली, ८ मिनिटं, निगेटिव्ह जूनसारख्याच.

उरलेलं ९० मिली तीन लहान बाटल्यांत काठोकाठ भरलं. लेबलवर आजची तारीख लिहायला घेतली होती, बाबांनी थांबवलं. तिन्हींवर '८ जून २०२४' लिहिलं, ज्या दिवशी केलं तो.